घरची वेळ व कचेरीची वेळ

राज्यें, लढाया व तह यांचा इतिहास लिहावा. परंतु सकाळीं चूल केव्हां पेटली याचा इतिहास काय लिहावयाचा, असें वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल. आम्हांसहि एके काळीं तसें वाटत असे. पण अलीकडे गृहव्यवस्था व वेळेचें नियोजन यांवर जीं पुस्तकें व व्याख्यानें निघत आहेत, तीं वाचून-ऐकून आमचें मत पालटलें. त्यांतील बहुतेकांत एक समजूत गृहीत धरलेली आढळते. ती अशी कीं, आपल्या आज्या-पणज्यांस वेळेची किंमत ठाऊक नव्हती. ती विद्या घड्याळाबरोबर आपल्याकडे आली आणि अजून घरोघर पोंचावयाची आहे. ही समजूत कितपत खरी, तें मराठी घरांत घड्याळ येण्यापूर्वीं व आल्यावर काय घडलें, यावरून पाहूं.

वेळ मोजण्याचें साधन पूर्वीं नव्हतें असें नाहीं. अहोरात्राच्या ६० घटका, घटकेचीं ६० पळें. म्हणजे घटका २४ मिनिटांची आणि तास अडीच घटकांचा. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटका झाली. 'घटका भरली' असें आपण आजहि म्हणतों. 'घड्याळ' हा शब्द त्याच कुळांतला, आणि 'तास' म्हणजे मुळांत ठोके देण्याची धातूची थाळी. परंतु हें घटकापात्र लग्नमुंजीच्या मुहूर्तासाठीं मांडावयाचें. रोजच्या स्वयंपाकाला त्याची गरज कोणास वाटली नाहीं. स्वयंपाकघराचें घड्याळ आकाशांत असे. झुंजूमुंजू झालें, तांबडें फुटलें, दिवस कासराभर वर आला, उन्हें कललीं, दिवेलागण झाली, इतक्यावर दिवसाचीं सगळीं कामें चालत. ही वेळ थोडी इकडे-तिकडे झाली तरी अडत नसे, कारण ती साऱ्या गांवाची एकदमच इकडे-तिकडे होई.

आणि वेळ वायां घालवूं नये हा उपदेशहि कांहीं साहेबानें आणलेला नाहीं. समर्थांच्या दासबोधांतील अकराव्या दशकांत पहाटे उठण्यापासून दिवसाचा क्रम लावून दिला आहे, आणि एक क्षणहि रिकामा जाऊं न देणें हें भाग्यवंताचें लक्षण सांगितलें आहे. मात्र तो क्रम पाळणाऱ्या पुरुषाच्या घरीं पहाटे त्याच्याहि आधीं उठून कोणी तरी जात्यावर बसलेलें असे, ही गोष्ट आमच्या विषयास फार महत्त्वाची आहे.

जुन्या घराचें खरें नियोजन दिवसाचें नव्हतें. तें वर्षाचें होतें, आणि त्याचें नांव 'बेगमी'. चैत्र-वैशाखाचें ऊन तापलें कीं पापड, कुरडया, सांडगे, शेवया यांची धांदल सुरू होई. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत घालावयाचा, म्हणजे तीन दिवसांनंतरच्या उन्हाचा भरंवसा आजच धरावयाचा. मिरच्या वाळवून तिखट कुटावें, चिंच फोडून मीठ लावून तिचे गोळे करावे, धान्याला ऊन दाखवून कडुलिंबाच्या पाल्यासह कणगींत भरावें, सरपण फोडून पावसाआधीं रचून ठेवावें, आणि ज्येष्ठांत पहिली सर पडते न पडते तोंच लोणच्याची बरणी दादऱ्यानें बांधून फडताळांत जावी. घरांत खाणारीं माणसें किती, श्राद्धपक्ष किती, दिवाळीला जांवई येणार कीं नाहीं, लेक बाळंतपणाला येणार असेल तर डिंक-आळीव किती लागेल, हा सगळा हिशेब जिच्या डोक्यांत बसत असे, तिला बहुधा अक्षरओळखहि नसे. चार घरच्या बायका मिळून आज हिच्या ओसरीवर, उद्यां तिच्या, असे पापड लाटीत. त्यामुळें एकीचा वेळ दुसरीस उसना मिळे व परतहि होई. कारखान्याचा व्यवस्थापक यापेक्षां निराळें काय करतो, हें आम्हांस अद्याप कळलें नाहीं.

याचा अर्थ तो काळ सोन्याचा होता असा कोणी घेऊं नये. सोंवळ्याओंवळ्यानें घरच्या बायकांचे किती प्रहर खाल्ले, याची मोजदाद होणें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें'मध्यें आपल्या वडिलांच्या सोंवळ्याचें जें वर्णन केलें आहे, बाजारचा जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं वगैरे, तें वाचतांना प्रथम हसूं येतें. आणि तें धुण्याचें काम कोणाच्या वांट्यास येत असेल हें मनांत आल्यावर तें मावळतें.

या आकाशाच्या घड्याळास पहिला धक्का आगगाडीनें दिला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली. बैलगाडी माणसासाठीं थांबत असे, ही थांबेना. मागून कचेऱ्या, शाळा, गिरण्यांचे भोंगे आले. मुंबईस प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्यें पुरा झाला. राजाबाईंची दृष्टि गेली होती व त्यांचा सूर्यास्तापूर्वीं जेवण्याचा नेम होता, म्हणून त्यांना वेळ कळावी यासाठीं हे ठोके, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, आम्हांस ती आवडते. कारण एवढ्या मोठ्या मनोऱ्यास घरच्या जेवणाच्या वेळेशीं जोडावेंसें लोकांस वाटलें.

वेळ कोणाची, हा वाद तर उघडपणें पेटला. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटें मागें पडली. कागदावर हा केवळ कांटे पुढें सरकविण्याचा प्रश्न होता. पण गिरणी प्रमाणवेळेवर सुरू व्हावयाची म्हणजे सूर्य तोच, आणि कामगाराच्या खोलींतली चूल मात्र ३९ मिनिटें आधीं, अंधारांत, पेटली पाहिजे. त्याच महिन्यांत गिरणीकामगारांनीं या बदलाचा निषेध केला. नगरपालिकेनेंहि पुढें चार दशकांहून अधिक काळ आपलीं घड्याळें मुंबई वेळेवरच ठेविलीं. त्यामुळें एकाच शहरांत दोन वेळा नांदत होत्या, आणि भेटीस बोलावतांना 'कोणत्या वेळेचे पांच?' असें विचारणें भाग पडे. आमच्या आजोळीं लंबकाचें एक घड्याळ होतें. आजोबा तें मुद्दाम दहा मिनिटें पुढें ठेवीत. तें पुढें आहे हें घरांत सर्वांस ठाऊक, म्हणून सर्वजण तीं दहा मिनिटें वजा करूनच चालत, आणि व्हावयाचा तो उशीर होईच. एकट्या आजी मात्र त्या घड्याळाकडे पाहत नसत, आणि त्यांचा भात कधीं चुकला नाहीं.

स्वयंपाकघरांत घड्याळ शिरलें तें भिंतीवरून नव्हे. तें दारावाटे आलें. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं मुंबईंत जेवणाचे डबे पोंचविण्याचा धंदा सुरू केला. डबेवाला दारांत उभा राहिला कीं डबा तयार पाहिजे. त्याला पुढची गाडी गांठावयाची असे. येथें गृहिणीला एक नवें, उलटें गणित शिकावें लागलें. डबा नऊला जावयाचा, तर पोळ्या पावणेनऊला झाल्या पाहिजेत. त्यापूर्वीं कणीक, त्यापूर्वीं भाजी-आमटी, त्यापूर्वीं शेगडी पेटणें, त्यापूर्वीं पाणी. कचेरीचे दहा हे घरचे पहाटेचे पांच असतात, ही गोष्ट कचेरीच्या कोणत्याहि नियमांत लिहिलेली नाहीं.

मग स्त्रीस स्वतःसाठीं वेळ कोठून मिळावयाचा? याचें उत्तर रमाबाई रानडे यांच्या चरित्रांत सांपडतें. १८७३ मध्यें, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्या महादेव गोविंद रानडे यांच्या घरीं आल्या. पतीनें त्यांस शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडील बायकांस ही गोष्ट पसंत नव्हती. तेव्हां दिवसाचीं कामें जशींच्या तशीं करावयाचीं, बोलणीं ऐकावयाचीं, आणि रात्रीं पुस्तक उघडावयाचें. म्हणजे अभ्यासासाठीं जो वेळ निघाला, तो स्वयंपाकांतून किंवा आलागेला पाहण्यांतून निघाला नाहीं. तो झोपेंतून निघाला. पुढें १९०९ मध्यें पुण्यांत सेवासदन उभें करणाऱ्या बाईंची पहिली पाठशाळा ही अशी होती. वेळेच्या नियोजनाचें शिक्षण देणाऱ्यांनीं त्यांच्या आठवणी अवश्य वाचाव्या.

सुटीचें तेंच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० मध्यें गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. ही मोठीच गोष्ट झाली, यांत शंका नाहीं. पण रविवारी सर्व मंडळी घरीं, म्हणून जेवण चार पदार्थांनीं वाढलेलें, न्हाणीघराचा बंब दुपारपर्यंत पेटलेला, आणि पाहुणे त्याच दिवशीं. चुलीपुढच्या कामगारांचा लोखंडे अजून जन्मास यावयाचा आहे.

आमच्या मतें स्त्रीचा वेळ खरोखर वांचविला तो घड्याळानें नव्हे, तर नळानें व पिठाच्या गिरणीनें. विहार तलावाचें पाणी १८६० मध्यें मुंबईस आलें, तेव्हां विहिरीवरच्या खेपा कमी होऊं लागल्या. जरी नळानेंहि पुढें आपली वेळ लावून दिली, आणि आजहि किती तरी गांवीं बायका पाणी येण्याच्या वेळेवर उठतात. गिरणी आली तशी पहाटेची जात्याची घरघर थांबली. जात्यावर बसून बायकांनीं जें गाइलें, त्यांतील एक लाखांहून अधिक ओव्या गी पॉइटेव्हिन, हेमा राईरकर व त्यांचे सहकारी यांनीं गांवोगांव फिरून गोळा केल्या. तीं गाणीं गेलीं म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्हांसहि हळहळ वाटते. परंतु दळणाऱ्या हातांस ती कितपत वाटली असेल, याविषयीं आम्ही साशंक आहों.

१९७३ मध्यें जयंतराव साळगांवकरांनीं 'कालनिर्णय' काढलें, आणि तिथि व तारीख, म्हणजे घरची वेळ व कचेरीची वेळ, एकाच चौकोनांत शेजारीं-शेजारीं बसल्या. मराठी गृहिणीनें त्या दिनदर्शिकेची जी रोजनिशी बनविली, ती अभ्यासण्याजोगी आहे. गेल्या वर्षीं घराची आवराआवर करतांना आईच्या कपाटांत अशा जुन्या दिनदर्शिकांची गुंडाळी सांपडली. चौकोनांत बारीक अक्षरांत दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, आमच्या फीचे दिवस, एकादशी, कोणाचें श्राद्ध, कोणाचें बारसें. आम्ही सगळे महिने चाळले. एका जून महिन्यांत मात्र निराळी नोंद आहे : 'दु. ३ वाचनालय.' तिच्याखालीं दुसऱ्या शाईनें लिहिलें आहे, 'जमलें नाहीं. लोणचें घातलें.'