हेर्नहूटचा समेट

एकाच ग्रंथास प्रमाण मानणारीं माणसें त्या ग्रंथावरूनच एकमेकांचें तोंड पाहीनाशीं होतात, हा अनुभव कोणत्याही एका धर्माचा नव्हे. परंतु अशा दुहींतून एखादी मंडळी सांवरते कशी, याचें बोधप्रद उदाहरण सॅक्सनींतील हेर्नहूट या वस्तीच्या इतिहासांत आम्हांस आढळतें.

इ. स. १७२२ मध्यें स्वधर्मासाठीं मोरेव्हियांतून परागंदा झालेलीं कांहीं माणसें काउंट त्सिन्त्सेंडोर्फ याच्या बेर्टल्सडोर्फ येथील जहागिरींत आश्रयास आलीं. ख्रिस्तियन डाविट नांवाच्या सुतारानें पहिलें झाड तोडलें आणि वस्ती उभी राहिली. पुढें निरनिराळ्या पंथांचे लोक तेथें जमले. कोणी पूर्वजांच्या बंधुसंघाची जुनी शिस्त मागूं लागले, कोणी ल्यूथरच्या संप्रदायास धरून राहिले, तर कोणी गांवच्या प्रार्थनामंदिराशीं संबंधच तोडूं लागले. पांच वर्षांच्या आंत आश्रितांची वस्ती भांडणाची वस्ती झाली.

जमीन काउंटाची होती. विरोधकांस हांकून देणें त्याला अशक्य नव्हतें. त्यानें तें केलें नाहीं. १७२७ सालीं ड्रेस्डेनचें दरबारी काम बाजूस ठेवून तो वस्तींत राहावयास आला आणि घरोघर जाऊन लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकूं लागला. १२ मे रोजीं त्यानें वस्तीचे नियम सर्वांपुढें ठेविले. लोकांनीं हातांत हात देऊन ते पत्करले. बारा वडील निवडले गेले. त्यांतून चिठ्ठ्या टाकून चार मुख्य वडील ठरले. त्यांत तो सुतारही होता. १३ ऑगस्टला बेर्टल्सडोर्फच्या मंदिरांत सारे प्रभुभोजनास एकत्र आले, तेव्हां मनांतील गांठी सुटल्या. मोरेव्हियन मंडळी तो दिवस आजही आपल्या संघाच्या पुनर्जन्माचा मानते.

येथें मतभेद पुसले गेले नव्हते. आधीं वागणुकीचें बंधन स्वीकारलें गेलें, मनें मागाहून जुळलीं. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

तथापि एवढ्यावरच थांबणें इतिहासाशीं प्रामाणिक होणार नाहीं. १७३२ सालीं याच वस्तींतून दोघे बंधु वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावरील गुलामांस उपदेश करण्यास निघाले. आणि पुढें त्याच मिशननें मळ्यासाठीं गुलाम विकत घेतले! आपापसांतील वैर मिटविणें कठीण खरें. पण आपल्या पंगतीबाहेर कोणास उभें ठेविलें आहे, हें पाहणें त्याहून कठीण. समेटाची खरी कसोटी तेथेंच लागते, असें आम्हांस वाटतें.