निपाणीचा सभासद

सीमाभागात वाढलेल्या माझ्यासारख्याला ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द एकाच अर्थाने ठाऊक. कर्नाटकाच्या विधानसभेत आपले किती? २०१३ साली समितीचे दोघे निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. ही खंत खोटी नव्हे. पण ‘सभागृहात आमचे कोण?’ हा प्रश्न याच मातीत, मराठीतूनच, फार पूर्वी विचारला गेला होता. विचारणारे गावकुसाबाहेरचे होते.

एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. १९२७ पासून ते मुंबई कौन्सिलात बसले, पण सरकारनियुक्त सभासद म्हणून. १९२८ साली त्यांनी महार वतनाचे बिल मांडले. ते तडीस गेले नाही. नेमलेल्या माणसामागे युक्तिवाद असतो, मते नसतात.

१९३२ च्या पुणे कराराने चित्र पालटले. जातीय निवाड्यातल्या ७१ जागांऐवजी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. मुंबई इलाख्याच्या वाट्याला १५. मतदारसंघ मात्र संयुक्त राहिले. १९३७ च्या निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातून निपाणीचे बळवंतराव वराळे स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १७५ जणांच्या विधानसभेत पोहोचले. त्याच सप्टेंबरात आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे बिल आणले. आता पाठीशी निवडून आलेला पक्ष होता. तेही बिल तेव्हा पार पडले नाही; खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

वतनांची कथा आपल्याला अधिक लागू आहे. मुंबई राज्याने कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये केला. तोवर निपाणी म्हैसूर राज्यात गेलेली! इकडचा कायदा झाला १९६१ मध्ये. राज्यपुनर्रचनेच्या नकाशावर आपण भाषेची रेघ पाहिली. त्या रेघेमुळे वतनदार महाराची सुटका कोणत्या सभागृहाच्या हाती गेली, हे आपण कधी पाहिले?

भाषिक अल्पसंख्याक म्हणून आपण बंगळूरकडे वाटा मागतो, तो न्याय्यच आहे. पण उमेदवार ठरवताना आपल्याच बैठकीत शेवटच्या आळीतला माणूस कितीदा असतो? आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?