मॉर्टन काउंटीतील सऱ्या : धुळीच्या वर्षांतील एक तातडीचे अनुदान

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात मॉर्टन काउंटी आहे. १९३० च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या ४,०९२ होती. १९४० मध्ये ती २,१८६ उरली. या दहा वर्षांत तेथे सरकारी साहाय्य पोचलेच नाही असे नव्हे. किंबहुना जमीन राखण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम ठेवण्याची प्रथा याच काळात या प्रदेशात रुजली. अनुदान आणि उजाडणे ही दोन्ही एकत्र का नांदली, हा येथील खरा प्रश्न होय.

पहिल्या महायुद्धात गव्हाला चढा भाव आला, पाठोपाठ ट्रॅक्टर आले आणि शतकानुशतके माती धरून ठेवणारे गवताळ रान नांगराखाली गेले. १९३१ मध्ये पीक विक्रमी आले, पण भाव कोसळला. पुढे अवर्षण पडले आणि उघड्या पडलेल्या शेतांची माती वाऱ्यावर उठली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तर भर दिवसा झालेल्या अंधारामुळे ‘काळा रविवार’ म्हणूनच इतिहासात राहिला.

त्यावरचा तातडीचा उपाय साधा होता. दोन्ही अंगांना माती टाकणाऱ्या नांगराने वाऱ्याच्या आडव्या दिशेने खोल सऱ्या पाडावयाच्या. वरंबे वारा अडवितात आणि उडती माती सरीत पडते. शेतकऱ्याला हे ठाऊक होते, परंतु ट्रॅक्टरच्या तेलापुरताही पैसा त्याच्यापाशी नव्हता. म्हणून केंद्र सरकार एकरी काही सेंट देऊ लागले.

उपायाची मर्यादा त्याच्या मापातच होती. अनुदानाचे माप एकेकट्या शेताचे आणि वाऱ्याचे माप सबंध मुलखाचे. एकाने सऱ्या पाडाव्यात आणि शेजारच्या पडीत शेतातील वाळूने त्या बुजून जाव्यात, असे घडे. ही पडीत शेते पुष्कळदा ‘सुटकेस शेतकऱ्यां’ची असत : पेरणीस यावयाचे, कापणीस यावयाचे, एरवी दूरच्या शहरात राहावयाचे. सेंटांच्या आमिषाने असा मालक परत येणे कठीणच. तेव्हा राज्याने काउंटीच्या अधिकाऱ्यांना अशी जमीन परभारे नांगरून खर्च मालकाच्या करात चढविण्याची मुभा दिली. पण जेथे मूळ करच थकलेला, तेथे हा बोजा वसूल कसा व्हावा?

वॉशिंग्टनमध्ये मात्र मृदसंधारणाला निराळेच महत्त्व आले. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बटलर खटल्यात पीकनियंत्रणाची जुनी योजना अवैध ठरविली. दोन महिन्यांच्या आत, २९ फेब्रुवारीस, नवा कायदा झाला. त्यात जमिनीची धूप करणारी पिके कमी करून धूप रोखणारी पिके घेणाऱ्यास पैसे देण्याची तरतूद होती. उत्पादन घटविण्याचा जुना हेतू संधारणाच्या वस्त्राआड टिकून राहिला, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

मॉर्टनमधील सर्वांत नासलेल्या जमिनींचा प्रश्न मात्र अनुदानाने सुटलाच नाही. सरकारने त्या विकत घेतल्या आणि पुन्हा गवत लावले. १९६० मध्ये त्यांना सिमरॉन राष्ट्रीय तृणभूमी हे नाव मिळाले. तिचे क्षेत्र १,०८,००० एकरांहून अधिक असून बहुतांश याच काउंटीत आहे.

तातडीच्या अनुदानाची प्रथा मागे राहिली. १९७८ च्या कृषी पतपुरवठा कायद्याने आपत्कालीन संधारण योजनेस कायमचा आधार दिला; वादळ, पूर, अवर्षण यांनी बिघडलेली जमीन दुरुस्त करण्याच्या खर्चाचा वाटा सरकार उचलू लागले. अर्ज एकेका शेताचा असतो, आणि नुकसान प्रत्यक्ष पाहून निर्णय काउंटीचीच समिती देते.