कात्री, डिंक आणि मनातलं

मंडळी, शाळेतलं चिकटकाम आपण सगळ्यांनीच केलंय. जुन्या मासिकातली चित्रं कापायची, डिंकानं कागदावर लावायची. पॅरिसमध्ये १९१२ च्या सुमारास पिकासो आणि ब्राक यांनी हेच चित्रकलेत आणलं. त्याला कोलाज म्हणतात. तो इतिहास कलाशाळेत शिकवतात. आम्ही आज सांगणार आहोत ते त्याच्या पुढचं: हे चिकटकाम वापरायच्या वस्तू घडवणाऱ्या डिझायनरांच्या हाती कसं आलं. त्यात आपल्या ओळखीचं एक आडनाव आहे.

१९७७ मध्ये राजापूरचे, म्हणजे आपल्या घाटाखालचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला तो त्यांच्या कारकिर्दीत. आता, लाकूड पाठीला टोचतं हे कळायला संशोधन लागत नाही. कुठलाही प्रवासी सांगेल. पण माणसाला जे जाणवतं आणि शब्दांत सांगता येत नाही, त्याचं काय?

त्यांचे चिरंजीव उदय दंडवते या प्रश्नाकडे वळले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकून ते अमेरिकेत ओहायोला गेले. तिथे लिझ सँडर्स या मानसशास्त्राच्या बाजूनं डिझाइनमध्ये आलेल्या बाई हेच शोधत होत्या. दोघांचा निबंध १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला, डिझाइन आणि भावना या विषयावरच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आला. म्हणणं साधं होतं. माणूस बोलतो काय ते ऐका, करतो काय ते बघा, आणि त्याला हातानं काहीतरी घडवू द्या. चित्रांचा नि शब्दांचा गठ्ठा द्या, कोरा कागद द्या; चिकटवून झालं की त्यालाच त्याची गोष्ट सांगू द्या.

आपल्या चप्पल लाईनीत बघा. गिऱ्हाईक तोंडानं म्हणतं, "टिकाऊ दाखवा." पायात घातली की दोन पावलं चालून करकर ऐकतं. त्याच्यापुढं कागद ठेवला तर? कदाचित बैल चिकटवेल, एखादा फेटेवाला म्हातारा चिकटवेल. आवाज काही कागदावर चिकटत नाही. पण "हा म्हातारा का हो?" असं विचारलं की आजोबांची चप्पल निघते, ते दारात आल्याची चाहूल निघते. नुसते कागद गोळा करून बैल किती आले हे मोजणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागणार नाही.

दुसरी अडचण आम्हाला जास्त मोठी वाटते. गठ्ठा कोण बांधतो? मुंबईची गुळगुळीत मासिकंच पुढं ठेवली, तर त्यात ना तालीम, ना गुऱ्हाळ. माणूस बिचारा असेल त्यातलंच उचलतो, आणि आपण लिहून घेतो की कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला समुद्रकिनारा आवडतो! म्हणून इथं काम करणाऱ्यांनी गठ्ठ्यात लग्नपत्रिका घालाव्यात, जत्रेची हँडबिलं, कुस्तीच्या मैदानाचे फोटो, जुन्या कॅलेंडरातले देव. काही कोरे कागद आणि एक पेन्सिलही ठेवावी. गठ्ठ्यात नाही ते ज्याचं तो काढेल.