हृदयाची बाहेरची बाजू

मराठी भाषेत हृदयाला आतली बाजू आहे, बाहेरची नाही. आपण एखादी आठवण हृदयात जपतो, हृदयाच्या तळाशी दडवतो, कुणाच्या हृदयात घर करतो, आणि फारच भरून आले तर हृदय उघडे करून दाखवतो. या साऱ्या क्रियांत हृदय म्हणजे एक कोठी असते. तिच्या भिंती बाहेरून कशा दिसतात हे विचारण्याची गरज कवींना पडलेली नाही, टीकाकारांनाही नाही. काळीज या शब्दाची गंमत तर आणखीच निराळी आहे. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर हाती यकृत पडते, आणि काळीज हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे ज्याचे ‘काळीज तुटते’ त्याचे नेमके काय तुटते, हाही प्रश्न आहेच. असो.

आम्हांला येथे सांगायचे आहे ते या न पाहिलेल्या पृष्ठभागाविषयी. शरीरशास्त्रात हृदयाच्या बाह्यांगाला जी नावे मिळाली ती बहुतेक सारी उपमा आहेत, आणि त्या उपमा प्रत्यक्ष ज्ञानाच्या कितीतरी आधी आल्या. त्यांनी पाहणाऱ्याला वाट दाखवली तशी काही ठिकाणी दृष्टीही अडवली. साहित्याच्या अभ्यासकांना उपमेचे हे दुसरे काम सहसा पाहायला मिळत नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी वस्तू कशी आहे ते पाहू. मोठ्या माणसाचे हृदय साधारणपणे त्याच्याच मुठीएवढे, वजनाने अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. आकार बोथट शंकूसारखा. पत्त्यांतल्या बदामाशी त्याचे साम्य शोधू जाणाऱ्याची निराशा व्हावी असा. या शंकूचा रुंद भाग वर आणि मागे वळलेला, टोक खाली, पुढे व डावीकडे. रुंद भागाला ‘पाया’ म्हणतात आणि टोकाला ‘शिखर’. म्हणजे पाया वर आणि शिखर खाली, असे हे उलटे देऊळ आहे. उजवे-डावे हेही नावापुरतेच. छातीच्या फळीमागे पुढच्या अंगाला जे दिसते ते बरेचसे ‘उजवे’ हृदय, आणि ‘डाव्या’ हृदयाचा वरचा कप्पा पार मागे, अन्ननलिकेला टेकलेला. वरच्या व खालच्या कप्प्यांच्या सीमेवरून एक खोबण हृदयाला वेढा घालते. तिच्यातून निघून दुसऱ्या दोन खोबणी, एक पुढून व एक मागून, टोकाच्या दिशेने उतरतात. या खोबणींत पिवळी चरबी असते आणि चरबीत रक्तवाहिन्या. वर दोन्ही बाजूंना सुरकुतलेल्या पाळीसारखे दोन लोंबते भाग असतात, ते कानांसारखे दिसतात. लॅटिन भाषेत त्यांना ‘छोटे कान’ म्हटले गेले, आणि मराठी शालेय पुस्तकांनी वरच्या कप्प्यांना ‘कर्णिका’ म्हटले ते त्यावरूनच.

पण कर्णिका हा शब्द संस्कृतात आधीच होता. कानातला दागिना हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ कमळाच्या मध्यभागी बीजे धरून ठेवणारा कोश. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात हा दुसरा अर्थ होता की नव्हता, कोण जाणे. मात्र हृदयाच्या बाबतीत तो विलक्षण जुळतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हृदयाचे वर्णन खाली तोंड केलेल्या कमळासारखे केले आहे. माणूस जागा असता ते उमलते आणि झोपला की मिटते. संतवाङ्मयातले ‘हृदयकमळ’ ज्यांना परिचित आहे त्यांना ही कल्पना केवळ काव्याची वाटेल. आम्हांलाही पूर्वी तशीच वाटत असे. परंतु ‘अधोमुख’ हा तपशील काव्याला लागत नाही. कवीचे कमळ सूर्याकडे पाहते. खाली तोंड केलेले कमळ कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेले असावे, असा आमचा तर्क आहे.

हा तर्क अगदीच निराधार नाही. त्याच शारीरस्थानात प्रेत तपासण्याची रीत दिलेली आहे. देह सर्वांगांनी पूर्ण हवा, विषाने मेलेला नको, दीर्घ व्याधीने गांजलेला नको, शंभर वर्षे वयाचा नको. तो मुंज गवत, साल, कुश इत्यादींत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा आणि आडोशाच्या जागी वाहत्या पाण्यात कुजू द्यावा. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतले एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. या पद्धतीत शस्त्र नाही. आकार, स्थान, तोंड कोणत्या दिशेला, हे तीत उमगेल. पण सात दिवस पाण्यात भिजलेल्या अवयवाच्या अंगावरची बारीक जाळी तशीच शाबूत राहिली असेल, असे मानणे कठीण.

ग्रीकांकडे हिप्पोक्रेटिसच्या नावावर जमा झालेल्या लेखनात हृदयावर एक छोटा निबंध आहे. लेखक कोण ते ठाऊक नाही, परंतु त्याचा चिकित्सकपणा आम्हांला फार आवडतो. हृदय हे बळकट स्नायू आहे असे तो निःसंदिग्धपणे म्हणतो. कानांविषयी त्याने वाचकाला सावधही केले आहे: यांना कान म्हणतात खरे, पण यांना कसलाही आवाज ऐकू येत नाही. उपमा स्वीकारून लगेच तिची हद्द आखणारा हा बहुधा पहिलाच शरीरशास्त्रज्ञ असावा. पुढे दुसऱ्या शतकात गॅलनने अनेक प्राणी फाडून पाहिले, हृदयाला वेढणाऱ्या वाहिन्यांचीही नोंद केली, परंतु हृदय साध्या स्नायूंच्या जातीचे आहे हे मानायला तो तयार नव्हता. त्याचा कठीणपणा आणि आपल्या इच्छेवाचून चालणारी हालचाल त्याला वेगळी वाटली. गॅलनचा अधिकार इतका मोठा की हृदय स्नायूच आहे, दुसरे काही नाही, हे पुन्हा ठासून सांगायला डेन्मार्कचा स्टेनो यावा लागला, आणि तोवर इ.स. १६६४ उजाडले होते.

हृदयाभोवती गोल फिरणाऱ्या वाहिन्यांना जे नाव मिळाले तेही असेच. माथ्यावर घालायच्या पानाफुलांच्या वेष्टनाला लॅटिनमध्ये ‘कोरोना’ म्हणत, त्यावरून ‘कॉरोनरी’. मुकुट म्हणा, मुंडावळ म्हणा, अलंकाराचे नाव. कमळ, कान, मुकुट: हृदयाच्या बाह्यांगाचे असे साग्रसंगीत शृंगारवर्णन तयार झाले. आणि मुकुट हा शोभेचाच असतो, असा समज जणू त्या नावाबरोबर रुजला.

इटलीतील पादुआ या गावी या कथेचे बरेच धागे एकत्र येतात. तेथील एका प्रार्थनामंदिरात जोत्तोने सुमारे १३०५ साली काढलेल्या भित्तिचित्रांत ‘प्रीती’ची स्त्रीमूर्ती आहे, ती आपले हृदय ईश्वराच्या हाती देते आहे. ते हृदय बदामी नाही, पाइनच्या फळासारखे आहे. याच गावी वेसेलियसने शरीरशास्त्र शिकवले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १५४३ साली, आपला सचित्र महाग्रंथ छापला. आणि येथेच १६०२ साली विल्यम हार्वेने वैद्यकाची पदवी घेतली.

पण त्याआधी लिओनार्दो. १५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयात तो एका म्हाताऱ्याशी बोलत बसला होता. आपले वय शंभरावर आहे आणि अशक्तपणापलीकडे आपल्याला काही होत नाही, असे म्हातारा म्हणाला, आणि थोड्याच वेळात, खाटेवर बसल्या बसल्या, कसलीही तडफड न होता तो गेला. इतक्या गोड मरणाचे कारण काय, हे पाहण्यासाठी लिओनार्दोने ते शव फाडले. हृदयाला व खालच्या अवयवांना पोसणारी रोहिणी त्याला सुकलेली, आकसलेली, कोमेजलेली आढळली. सुश्रुताने ज्या वयाचे प्रेत वर्ज्य ठरवले होते, नेमके तेच येथे गुरू झाले. मुकुट शोभेचा नाही, त्यावर पोषण अवलंबून आहे, ही गोष्ट एका चित्रकाराने टिपून ठेवली. बैलाच्या हृदयाची त्याची पुढची चित्रे तर अशी आहेत की खोबणींतली एकेक वाहिनी बोटाने चाचपावी. ते कागद मात्र त्याच्या हयातीत छापले गेले नाहीत, आणि वैद्यकाला शतकानुशतके त्यांचा काही उपयोग झाला नाही.

हार्वेचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ १६२८ चा, तो सर्वश्रुत आहे. आम्ही येथे त्याच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग सांगतो. तो त्याने १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राणिजननावरील ग्रंथात नोंदवला आहे. आयर्लंडमधील माँटगोमेरी या सरदार घराण्यातला थोरला मुलगा, ह्यू, लहानपणी पडला. डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या, जखम पिकली, आणि बरी होताना छातीला मोठे भोक कायमचे राहिले. अठरा-एकोणीस वर्षांचा झाल्यावर, युरोपचा प्रवास करून, सुमारे १६४१ साली हा तरुण लंडनला आला. राजा पहिला चार्ल्स याने खरेखोटे पाहण्यासाठी आपला वैद्य हार्वे याला पाठवले. छातीवरचे धातूचे पान तरुणाने काढून ठेवले. भोकात तीन बोटे आणि अंगठा सहज जात होता. आत मांसाचा गोळा पुढे-मागे होत होता. आधी हार्वेला ते फुप्फुस असावे असे वाटले नाही, मग काय असावे हेही कळेना. त्याने मनगटाची नाडी एका हाताने धरली आणि तो गोळा दुसऱ्या हाताने. दोहोंचा ताल जुळला. तो हृदयाला हात लावून उभा होता.

हार्वे तरुणाला राजाकडे घेऊन गेला. राजानेही हृदयाला बोट लावले. दोघांच्याही लक्षात आलेली गोष्ट अशी की त्या तरुणाला स्पर्श कळतच नव्हता. डोळ्यांनी दिसले किंवा बाहेरच्या कातडीला धक्का लागला तरच त्याला समजे. मराठी पुस्तकपरीक्षणांत ‘हृदयस्पर्शी’ हे विशेषण ज्या मोकळ्या हाताने वापरले जाते ते पाहता, हा प्रयोग आमच्या समीक्षकांनी एकदा वाचावा. हार्वेला त्यात आणखी एक गोष्ट सापडली: हृदय आकुंचन पावते तेव्हाच ते पुढे येऊन छातीवर आदळते. प्रसरणाच्या वेळी नव्हे. बाहेरून जो ठोका हाताला लागतो तो कशाचा, याचे उत्तर मिळाले. आठ वर्षांनी, १६४९ साली, त्या राजाचा शिरच्छेद झाला.

हा ठोका प्रौढ माणसात डावीकडे, पाचव्या व सहाव्या बरगडीमधल्या फटीत, मध्यरेषेपासून साधारण नऊ सेंटिमीटरवर लागतो. शिखर नेमके तेथे असते. छाती न उघडता तिच्यावर हृदयाचा नकाशा आखता येतो, हे पुढच्या वैद्यांनी सिद्ध केले. ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुग्गरने १७६१ साली छातीवर बोटे वाजवून नादावरून निदान करण्याची रीत सांगितली. तो खानावळवाल्याचा मुलगा, पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून पाहण्याच्या घरच्या सवयीतून ती सुचली असे म्हणतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने एका तरुणीच्या छातीला कान लावण्याचा संकोच टाळण्यासाठी कागदाची सुरळी केली, आणि तिच्यातून स्टेथोस्कोप जन्मला.

मुकुटाचे मात्र काय? १७६८ साली लंडनच्या हेबर्डनने छातीतल्या एका विशिष्ट दुखण्याचे वर्णन वाचून दाखवले. चढावर चालताना गळा आवळल्यासारखी कळ येते, थांबले की जाते. वर्णन इतके नेटके की आजही त्यात बदल करावा लागत नाही. कारण मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते हाती लागले एडवर्ड जेन्नरच्या, देवीच्या लशीमुळे पुढे नावारूपाला आलेल्या. अशा दुखण्याने गेलेल्या एकाचे हृदय तो कापत असता सुरी एकदम करकरली आणि तिची धार तुटली. जेन्नरने वर पाहिले. छत जुने होते, त्याला वाटले चुन्याचा पोपडा खाली पडला. मग पाहतो तो हृदयावरच्या रोहिण्याच हाडासारख्या कठीण नळ्या झालेल्या.

जेन्नरने हे जाहीर केले नाही. त्याचे गुरू जॉन हंटर त्याच दुखण्याने बेजार होते, आणि हे छापून आले तर त्यांना आपले भवितव्य वाचावे लागेल, ही त्याची अडचण होती. आपला जीव, आपल्याला चिडवू पाहणाऱ्या कोणाही भामट्याच्या हातात आहे, असे हंटर म्हणत असल्याचे सांगतात. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेत वाद झाला, हंटर उठून शेजारच्या खोलीत गेले आणि कोसळले. शवपरीक्षेत त्यांच्याही रोहिण्या तशाच निघाल्या. जेन्नरचे निरीक्षण त्याच्या मित्राने, केलेब पॅरीने, १७९९ साली आपल्या पुस्तकात छापले. ज्ञानाचा इतिहास लिहिताना अज्ञान, अंधश्रद्धा, धर्मसत्ता अशी कारणे आपण हाताशी ठेवतो. एका शिष्याच्या मायेमुळे एक गोष्ट काही वर्षे झाकून राहिली, हे कारण त्या यादीत बसत नाही. आम्ही जेन्नरला दोष देऊ शकलो नाही.

त्यानंतरही शतकभर ही नोंद बाजूलाच पडल्यासारखी राहिली. शिकागोच्या हेरिकने १९१२ साली सांगितले की या रोहिणीत एकाएकी गुठळी अडकली तरी माणूस तत्काळ मरतोच असे नाही; जिवंतपणी हे ओळखता येते. सुरुवातीला त्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १९५८ साली क्लीव्हलंडमध्ये सोन्सच्या हातून चुकून क्ष-किरणात दिसणारे द्रव्य थेट या रोहिणीत गेले. रोगी वाचला, आणि मुकुट जिवंत माणसात प्रथमच स्वच्छ दिसला. त्याच रुग्णालयात १९६७ साली फाव्हालोरोने पायातली नीला काढून तुंबलेल्या जागेला वळसा घालणारी वाट शिवली. ही शस्त्रक्रिया हृदयाच्या आत शिरत नाही. सारे टाके पृष्ठभागावर पडतात.

आज पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत अँजिओग्राफीनंतर नातेवाइकांच्या हाती जो कागद येतो त्यावर बहुधा एक छापील आकृती असते. तीत कप्पे नसतात, झडपा नसतात. पुसटशी बाह्यरेषा, आणि तिच्यावर फांद्या फुटलेल्या दोन-तीन वाहिन्या. डॉक्टर पेनाने त्यांवर आडवी रेघ मारून बाजूला आकडा लिहितात, सत्तर टक्के, नव्वद टक्के. नातेवाईक तो कागद उजेडाकडे धरतात आणि रेघ नेमकी कुठे आहे ते एकमेकांना बोटाने दाखवतात.