तुंबलेल्या पाण्यातला आजार : लेप्टोस्पायरोसिसचा छोटा इतिहास

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरले आणि संकट टळले असे मुंबईकरांना वाटले. पण ऑगस्टमध्ये तीव्र ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना, लाल डोळे, कावीळ अशी लक्षणे घेऊन रुग्ण येऊ लागले. हा लेप्टोस्पायरोसिस होता.

आजार नवा नव्हता. १८८६ मध्ये जर्मन डॉक्टर अडोल्फ वाइल यांनी त्याचे वर्णन केले. कारण सापडले ते सुमारे तीस वर्षांनी, जपानमध्ये. इनाडा आणि इडो यांना तेथील रुग्णांत हा जंतू आढळला. कोळसा खाणीतील मजुरांत हा आजार बराच होता. पुढे कळले, की उंदराच्या मूत्रातून जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो.

२००५ मध्ये मुंबईचे रस्ते त्या खाणींसारखेच झाले. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी गृहीत धरून बांधलेल्या. क्षमता दुप्पट करण्याची शिफारस १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने केली होती. बरेच काम बाकी होते.

आकाशातून पडलेले पाणी रस्त्यावरून वाहताना काय काय गोळा करते? उंदीर-कुत्र्यांचे मलमूत्र, कचऱ्याचा घाण रस, गाड्यांचे तेल, ब्रेक आणि टायर झिजून पडलेली धूळ, बांधकामाची माती. हे पाणी बहुतेक ठिकाणी कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यातून खाडीत जाते. नाला तुंबला, की तेच आपल्या पायाशी येते.

म्हणून उपाय उगमापाशीच हवा. पूर्वी पेट्रोलमधले शिसेही धुरातून रस्त्यावर आणि तिथून पाण्यात जायचे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले आणि तो मोठा स्रोत बंद झाला. उंदरांचेही तसेच आहे. उघडा कचरा कमी झाला, तर उंदीर कमी होतील.

तोवर आपण एवढे करा. पायाला जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यात उतरू नका. उतरावे लागलेच, तर घरी येताच साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे ते ठरवतील. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर "मी पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या एका वाक्याने निदान लवकर होते, आणि या आजारात लवकर सुरू केलेले उपचार जीव वाचवतात.