‘ला काज ओ फोल’ आणि त्याचे प्रेक्षक

प्रेक्षागृहांत हंशा पिकला म्हणजे खेळ लोकांना पटला, असें मानण्याची रीत आहे. गल्ल्यापुरतें तें खरेंही असेल. परंतु लोक कोणाला हंसले, आणि हंसून घरीं गेल्यावर त्यांचीं मतें तींच राहिलीं कीं बदललीं, हे प्रश्न गल्ल्याच्या आंकड्यांनीं सुटत नाहींत. ‘ला काज ओ फोल’ या फ्रेंच प्रहसनाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. दोन पुरुषांच्या संसाराची ही हलकीफुलकी कथा तेवीस वर्षांत नाटक, चित्रपट, संगीत नाटक व पुन्हा चित्रपट अशा चार रूपांनीं लोकांपुढें आली. चारही वेळां ती उत्तम चालली, आणि तिच्याविषयींचा वाद मात्र कधींच मिटला नाहीं.

मूळ नाटक झां प्वारे याचें. तें १ फेब्रुवारी १९७३ रोजीं पॅरिसच्या पाले-रोयाल नाट्यगृहांत प्रथम झालें, आणि पुढें कित्येक वर्षें चाललें. लेखक प्वारे स्वतः नट होता. त्यानें एक भूमिका घेतली व दुसरी त्याचा जुना जोडीदार मिशेल सेरो यानें. नांवांतच श्लेष आहे. ‘फोल’ म्हणजे वेडी स्त्री. पण बाजारी फ्रेंचमध्यें बायकी वळणाच्या पुरुषालाही तोच शब्द लावीत. तेव्हां पिंजरा कोणाचा, हें पॅरिसकरांना जाहिरातीवरूनच कळलें.

फ्रान्स म्हणजे अशा बाबतींत सर्वस्वी मोकळा देश, अशी आपली एक समजूत असते. वस्तुस्थिति निराळी होती. १९४२ सालीं विशी सरकारनें समलिंगी संबंधांपुरती संमतिवयाची वेगळी आणि अधिक कडक मर्यादा घातली. युद्ध संपलें, विशी सरकार गेलें, पण ही मर्यादा राहिली. १९६० सालीं पोल मिर्गे या प्रतिनिधीच्या दुरुस्तीनें समलिंगी वर्तनाला दारूबाजी व वेश्याव्यवसाय यांच्या पंक्तीला बसवून ‘सामाजिक पीडा’ ठरविण्यांत आलें. संमतिवयाचा तो भेद अखेर ४ ऑगस्ट १९८२ रोजीं रद्द झाला. म्हणजे पाले-रोयालमध्यें जे नागरिक पोट धरधरून हंसत होते, त्यांच्याच प्रतिनिधींच्या लेखीं रंगभूमीवरचें तें जोडपें एक पीडा होतें.

नाटकावर रागावले ते मात्र केवळ सनातनी नव्हेत. १९७१ सालीं पॅरिसमध्यें समलिंगी तरुणांची एक क्रांतिकारी आघाडी निघाली होती. त्या वळणाच्या पुष्कळांना हें प्रहसन म्हणजे जखमेवर मीठ वाटलें. ठुमकत चालणें, किंचाळणें, रुसून दार आपटणें, ज्या चित्रावरून शाळेंतील उनाड पोरें आम्हांला चिडवितात तेंच चित्र तिकीट लावून कां दाखवितां, हा त्यांचा सवाल होता. दुसराही एक आक्षेप होता: या दोघांचें प्रेम म्हणजे सारें भांडण आणि समजूत, स्त्री-पुरुषांच्या प्रेमाला पडद्यावर जी सहज जवळीक मिळते ती यांच्या वांट्याला येत नाहीं. हे आक्षेप खोटे नव्हते. पण ते अर्धेच खरे होते असें आम्हांस वाटतें, आणि त्यासाठीं कथेकडे जरा जवळून पाहिलें पाहिजे.

१९७८ सालीं एदुआर मोलिनारो यानें काढलेल्या चित्रपटांत रेनातो नांवाचा गृहस्थ (इटालियन नट उगो तोन्याझ्झी) समुद्रकांठच्या सें-त्रोपे गांवीं एक करमणूकगृह चालवितो. तेथें पुरुष स्त्रीवेषानें गातात, नाचतात. त्यांतील मुख्य ‘नायिका’ झाझा म्हणजे रेनातोचा सोबती आल्बँ. हें काम सेरोनेंच केलें. दोघांचा संसार वीस वर्षांचा. रेनातोच्या मुलाचें लग्न ठरतें तें नेमकें एका नीतिरक्षक पक्षाच्या पुढाऱ्याच्या मुलीशीं! व्याही येणार म्हणून घरांतली सजावट हलवून भिंतीवर क्रूस टांगला जातो, आणि आल्बँनें तेवढा वेळ दूर राहावें असें ठरतें. ज्यानें त्या मुलाला आईच्या मायेनें वाढविलें त्यालाच अडगळीसारखें बाजूला सारण्याचा हा घाट. प्रहसनाच्या पोटांतलें दुःख तें हेंच.

मग रेनातो त्याला ‘पुरुष’ होण्याचे धडे देतो. टोस्टाला लोणी कसें लावावें येथून आरंभ. टोस्ट मोडतो, आल्बँचा धीर सुटतो. पुढें अमेरिकन नट जॉन वेन याच्यासारखें चालून दाखविण्याची पाळी येते. आल्बँ चालतो. रेनातो पाहत राहतो, आणि त्याला कळून चुकतें कीं नक्कल बिनचूक आहे. वेन असाच चालतो, इतकेंच कीं तें आजवर लक्षांत आलें नव्हतें. प्रेक्षक आल्बँला हंसूं लागले होते. हंसे पुरें होईपर्यंत तें जॉन वेनला जाऊन चिकटलें, म्हणजे पौरुषाच्या सोंगाला. शेवटीं वार्ताहरांना चुकविण्यासाठीं खुद्द नीतिरक्षक व्याह्यांनाच स्त्रीवेष चढवावा लागतो. विनोदाचें हें फिरतें तोंड आक्षेपकांनीं पाहिलें नाहीं असें म्हणवत नाहीं. पण किती प्रेक्षक तेथपर्यंत पोंचले याविषयीं त्यांना शंका होती, आणि ती रास्तच होती.

फ्रान्समध्यें चित्रपटाचीं पन्नास लाखांवर तिकिटें खपलीं. सेरोला उत्तम नटाचें सेझार पारितोषिक मिळालें. अमेरिकेंत एका न्यूयॉर्कच्या चित्रगृहांत तो वर्षाहून अधिक काळ टिकला, आणि दिग्दर्शन, पटकथा व वेषभूषा या तीन बाबींत त्याचें नांव ऑस्करसाठीं पुढें आलें. १९८३ सालीं जेरी हर्मनच्या संगीतानें व हार्वी फायरस्टीनच्या संहितेनें नटलेलें संगीत नाटक ब्रॉडवेवर आलें, तें १७६१ प्रयोग चाललें. फायरस्टीन स्वतः समलिंगी. त्याच्या हातीं आल्बँचा अपमान हा पहिल्या अंकाचा कळस झाला.

मार्च १९९६ मध्यें माइक निकल्सचा ‘द बर्डकेज’ निघाला. गांव मायामी, आल्बँचा झाला आल्बर्ट, आणि व्याही झाले सिनेटर. रॉबिन विल्यम्स व नेथन लेन यांच्या या चित्रपटाला सबंध कुटुंबें गेलीं; समलिंगी हक्कांसाठीं झटणाऱ्या एका प्रमुख संस्थेनेंही त्यांतील माणुसकीची वाखाणणी केली. त्याच वर्षीं अमेरिकन कायदेमंडळानें, विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचाच, असा कायदा ३४२ विरुद्ध ६७ व ८५ विरुद्ध १४ अशा मतांनीं संमत केला, आणि २१ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं त्यावर सही केली. (पुढें २०१३ सालीं न्यायालयानें त्याचा कणा मोडला व २०२२ सालीं तो रद्द झाला.) वसंतांत आल्बर्टसाठीं टाळ्या वाजविणारे आणि शरदांत या कायद्याला मान डोलाविणारे अगदींच वेगळे लोक होते, असें मानणें कठीण आहे. दोन्ही मतें एकाच मनांत सुखानें नांदत असावीं.

आल्बर्ट झालेला नेथन लेन स्वतः समलिंगी होता. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठीं दूरदर्शनवरील मुलाखतींत बसला तेव्हां त्याच्या खाजगी आयुष्याकडे प्रश्न वळूं लागले, आणि विल्यम्सनें थट्टामस्करी करून ते परतविले, असें लेननें नंतर सांगितलें आहे. उघडपणें तें बोलायला त्याला १९९९ साल उजाडावें लागलें.